चौथी पायरी

वाल्मिक : ‘…ज्या भूमीवर काल केवळ निर्जन माळ होता, तिथेच सन एकोणीसशे एक्याऐंशी साली काचेच्या कपाटांतून नवयुगाचे प्रतिबिंब हसू लागले. कर्जत-खालापूरच्या पंचक्रोशीतले हे पहिले शॉपिंग सेंटर—’

धोंडूबाई : थांब रं मास्तर. निर्जन म्हंजे?

वाल्मिक : जिथे माणसांचा वावर नाही असा, मावशी.

धोंडूबाई : मग मी कोन हुती? माजी सासू कोन हुती? कोंडाणे गावावरनं शेवळांच्या रानभाजीची पाटी डोक्यावर घेऊन ती हितंच बाजाराला बसायची.

आबाजी : धोंडूबाई, हा माझ्या सेंटरचा इतिहास आहे. पाच वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढतोय. तुझ्या सासूचं चरित्र नाही हे.

धोंडूबाई : सासूची जागा तुमच्याच सेंटराखाली गेली, शेट. पाया खनायला गवंडी आले तवा ती तापानं निजलेली. जागेवर तिची पाटी पालथी घातली हुती. पालथी पाटी म्हंजे मानूस आजारी हाय, परत यील, तोवर तिथं कुनी बसायचं नाय. आक्खा बाजार पाळतो. तुमी तिच्यावर पायऱ्या बसवल्या.

आबाजी : मला काय ठाऊक? मला वाटलं, मोडकी पाटी कुणी टाकून दिलीय.

वाल्मिक : तो प्रसंग मी वगळला आहे.

आबाजी : बरं केलंत. पुढे वाचा.

वाल्मिक : ‘उद्घाटनाच्या मंगल दिनी जनसागर लोटला. ग्राहक मंदिरात प्रवेशावे तशा श्रद्धेने आत पाऊल ठेवीत होते…’

धोंडूबाई : ह्ये मातर खरं. फरशी चकचकीत बगून लोक चपला पायरीखाली काढायचे. आत जायचं, आरशात तोंड बगायचं, हात जोडायचे तेवढे बाकी ऱ्हायले. नि बाहेर येऊन माज्याकडनं शेवळं नि त्यात घालायची काकडाची फळं घ्यायची. दर्शन आत, परसाद बाहेर.

आबाजी : म्हणून तर तीन दुकानदार सोडून गेले. पायऱ्यांवरच बाजार भरल्यावर आत येऊन घेणार कोण?

धोंडूबाई : आनि तुमचा जनसागर? तो आमीच की. एकेक नारळ दिलात, नवी लुगडी नेसून या म्हनालात. फोटोवाल्यानं आमाला ह्या दुकानातनं त्या दुकानात फिरवलं. आमच्यातली भाजीवाली सुंदरा चार फोटोंत चार दुकानांचं गिऱ्हाईक हाय.

आबाजी : या खेपेला दोन नारळ देतो. रविवारी मंत्री येतायत. सगळ्यांना घेऊन ये, फोटोपुरतं आत उभ्या राहा. सोमवारपासून पायऱ्या मोकळ्या करायच्या.

धोंडूबाई : एक नारळ बोलवायचा, एक घालवायचा.

आबाजी : रस्त्यावर नाही टाकत तुम्हाला. ओढ्यापलीकडे ऐसपैस जागा दिलीय.

धोंडूबाई : तिथं मसनवटा हाय, शेट.

आबाजी : शांत जागा आहे.

धोंडूबाई : व्हय. तिथलं गिऱ्हाईक भाव बी करीत नाय.

वाल्मिक : शेठ, मंत्र्यांच्या भाषणात ‘ग्रामीण भगिनींचा उदंड प्रतिसाद’ असा उल्लेख आधीच टाइप झाला आहे.

धोंडूबाई : मग भगिनी नाय आल्या तर? मी नाय आली तर एक बी बाई पायरी चढायची नाय. मंत्र्यानं काय, आरशात आपलंच तोंड बगावं नि प्रतिसाद म्हनावं.

आबाजी : तुला हवंय काय ते सांग.

धोंडूबाई : चौथी पायरी. सासूची जागा तिच्याखाली हाय. पाटी तुमाला वाचता आली नाय, तर आता तुमच्या भाषेत लिवा. छापून द्या पुस्तकात. चौथी पायरी धोंडूबाईची, तिच्यामागं तिच्या सुनंची.

आबाजी : एवढंच ना? लिहा हो, वाल्मिक. परवा पंचायतीत ठरावासाठी पेन फिरवलंत ना, तसंच लिहा.

वाल्मिक : तसंच?

आबाजी : अगदी तसंच.

(वाल्मिक वहीत मान घालतो. पेन काही वेळ हलत राहते.)

आबाजी : झालं. रविवारी नऊच्या आत या सगळ्या.

धोंडूबाई : वाच की रं, काय लिवलंस ते.

वाल्मिक : ‘या वास्तूची चौथी पायरी श्रीमती धोंडूबाई यांची असून त्यांच्या पश्चात ती त्यांच्या सुनेकडे परंपरेने जाईल.’

धोंडूबाई : झ्याक हाय. आनिक एकडाव वाच.

वाल्मिक : ‘सदर वास्तूची… चौथी पायरी ही धोंडूबाईंच्या हक्काची राहील, व पुढे त्यांच्या सूनबाई…’

आबाजी : पुरे हो. किती वेळा वाचायचं?

धोंडूबाई : मी शिकलेली नाय, मास्तर. पन माजी नात जया घरी धडा वाचती. धा डाव वाचला तरी त्यातल्या चिमणीचा कावळा होत नाय.

वाल्मिक : मावशी, मी…

धोंडूबाई : ऱ्हाऊ दे. वही कोरीच हाय न्हवं? आता खरं लिव. मी बसलीय हितं.