खड्ड्यातली चप्पल

डोळ्यांच्या दवाखान्यात शिंपीकाका नंबराची वाट बघत होते. शेजारी एक आई आणि तिची भूगर्भशास्त्रज्ञ लेक बोलत होत्या.

"टेकडीखालच्या त्या भेगेचं काय झालं गं? परवा धड जेवलीही नाहीस."

"घास कसला उतरतोय! वस्तीमागे भेगेला आडवा चर खणला, तर मातीचा वरचा थरही तुटलेला. म्हणजे भूकंप अगदी अलीकडचा. साहेब तर वस्ती हलवायलाच निघाले."

शिंपीकाका खुर्ची सरकवून जवळ आले. त्यांचं घर त्याच वस्तीत होतं.

"अगं बाई! मग?"

"मग मी तुटलेल्या जागी ब्रशने माती झाडत बसले. तळाशी प्लॅस्टिकची चप्पल निघाली!"

"चप्पल?"

"कुणीतरी कचऱ्याचा खड्डा खणून बुजवला होता. त्यालाच आम्ही भूकंप समजलो."

"आणि खरा भूकंप?"

"तो पार खालच्या थरात, हजारो वर्षांपूर्वीचा. आता नवी घरं भेगेपासून लांब बांधा म्हणणार. आहेत ती राहू देत."

शिंपीकाकांना राहवेना.

"पट्टा निळा होता का हो?"

"हो! तुम्हाला कसं माहीत?"

"दुसरी घरी आहे. बायको टाकूच देत नाही. म्हणते, जोडीची सापडेल."