सोडतोय की!

पुन्हा पहिल्यापासून? अहो, कालच तर सांगितलं! तुम्हाला हसायला हवं म्हणून म्हाताऱ्याला खुर्चीत बसवायचं आणि बोलतं करायचं… चौथी नापास असलो तरी कळतं मला! बरं, ऐका.

माझी मूठ एकदा आवळली की लवकर सुटत नाही. लहानपणापासून. दुखत नाही, खुपत नाही, नुसती सुटत नाही! चाळीस वर्षं लोकांचे नळ दुरुस्त केले, गार पाण्यात तर बोटं अशी अडकायची की गिऱ्हाईक म्हणायचं, "काका, आता नळ घरी नेता का?" अहो, सोडतोय की! नाव काय पडलं माझं? गोचीड! आणि बाप… तो तर काठीच काढायचा. "सोड ती दोरी! सोड म्हणतो ना!" सट्कन! सोडतोय की, बाबा! सट्कन!

तर नातीचं टॉन्सिलचं ऑपरेशन. सात वर्षांची पोर, अंगात दवाखान्याचा ढगळ झगा, आत न्यायची तयारी. मुलानं सही केली, साक्षीदार म्हणून मी केली, भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या पेनानं. "आजोबा, पेन." सोडतोय की! "आजोबा, पेन द्या ना." अहो बाई, सोडतोय की! म्हटलं झालं, म्हातारपणी पेनचोर ठरलो. पण बाई माझं एकेक बोट कसं उलगडतंय ते बघतच राहिल्या… मग नातीपुढे वाकल्या. "बाळ, माझं बोट घट्ट धर बघू. आता सोड."

"सोडतेय की!" नात म्हणाली.

तुम्हाला सांगतो, पोरीची मूठही माझ्यासारखीच! ऑपरेशन जागच्या जागी रद्द! भुलीच्या वेळचं एक औषध आहे म्हणे, असल्या पोरांना दिलं तर जबडाच आवळतो, श्वासाची नळी आत जात नाही. म्हणजे मी पेन झटकन दिलं असतं तर?… जाऊ दे.

रक्त तपासलं. बाई सांगतात, अंगाच्या कणाकणात तीनशे कोटी अक्षरं लिहिलेली असतात, आणि आमच्या घराण्यात त्यातलं एक बदललंय. एक! अहो, मी माझ्या सहीत दोन अक्षरं खातो, कुणाचं काही अडत नाही! त्या एकापायी स्नायूतली क्षाराची बारीक दारं नीट उघडत नाहीत. व्हॉल्व्ह अडकलाय असं सरळ सांगा ना! वायसर बदलता येईल? बाई हसल्या. "वायसर नाही हो. पण आता ठाऊक झालंय, हे काय थोडं आहे?" दुसरं औषध देऊन ऑपरेशन केलं, पोर आता घर डोक्यावर घेते.

मग बाईंनी विचारलं, "हे अक्षर तुम्हाला कुणाकडून आलं? आईकडून की वडिलांकडून?" आणि मला बाप दिसला… मारून झालं तरी काठी धरून उभाच! आम्हाला वाटायचं, राग उतरला नाही. अहो, राग कधीच उतरलेला असायचा, मूठ सुटत नसायची!

ज्यासाठी मला झोडलं, ते दिलं कुणी? गोचीड म्हणणारे सगळे माफी मागून गेले, राहिलाय एकटा माझा बाप. आणि तो बसलाय तिकडे भिंतीवर, फोटोत, हातात काठी… अजून सोडतोय!