थेटरातला साक्षीदार

माहं माहेर कन्हानचं. बाप कोळशाच्या खदानीत होता, आम्ही साऱ्या बहिणीच, भाऊ नाई, म्हणून बापानं बाहेरची कामं मलेच शिकवली, बाजार करणं, दळण आणणं, कोणी वाकडं बोललं त तिथंच उभं राहून जबाब देणं. माय म्हणत जाय, पोरीले एवढं बोलणं शिकवू नका, सासरी कसं होईन हिचं. मंग लग्न झालं अन् मी इथं आली, सक्करदऱ्याले, तलावाच्या अंगाले दोन खोल्या होत्या, सासू होती, धाकटा दीर होता नामदेव, अन् आमचे हे, लक्ष्मणराव. नाव घेतलं पाहा, आतं काय लाजाचं.

लाकडाच्या डेपोत कामाले होते हे. ट्रकातून सागाचे लठ्ठे उतरवाचे, आरा मशीनवर चढवाचे. घरी आले का डोक्यात भुसा, कानात भुसा. मी म्हणत जाय, अहो, बाहेर झटकून या ना, त हे हासत. माणूस चांगला होता, काय सांगू तुमाले, ताई, रागीट नव्हता, दारू नाई, काई नाई, फक्त समोर चुकीचं होऊन राह्यलं का त्याइले चूप बसता येत नसे. माह्यासारखंच. दोघं एकाच मापाचे भेटलो होतो.

त एक दिवस डेपोत एका हमालाचा पाय लठ्ठ्याखाली दबला. ह्याइनं मुकादमाले म्हटलं, काम थांबवा, पहिले याले दवाखान्यात न्या. मुकादम म्हणे, ट्रक खाली होऊ दे, मंग पाहू. हे म्हणाले, मंग ट्रक खाली होत नाई. बस, एवढंच बोलले. मुकादमाच्या हातात लोखंडी सब्बल होती, लठ्ठे सरकवाची, ते त्यानं ह्याइच्या डोक्यात घातली. दिवसाढवळ्या. हमालाइची सारी लाइन उभी होती, साऱ्याइनं पाह्यलं. संध्याकाळी दवाखान्यात माणूस गेला.

मले हे सारं पाय दबलेल्या हमालानं सांगतलं, तोही तिथंच बाजूच्या खाटेवर होता, रडून राह्यला होता. मंग डेपोवाल्याइनं त्याले त्याच्या गावी पाठवून देलं, तिकडे रायपूरच्या पुढं कुठंतरी, तो काई पुन्हा सापडला नाई. अन् पोलिसात बाकीच्याइनं काय लिहून देलं, का लठ्ठा घसरला अन् डोक्यात पडला. मी ठाण्यात जाऊन बसली, रोज जाऊन बसली, माही तान्ही पोरगी काखेत घेऊन बसली, तवा कुठं केस उभी झाली. पण सरकारी वकील म्हणे, बाई, पाहणारा पायजे, तुम्ही ऐकलेलं चालत नाई कोर्टात.

आतं पाहणारा कोण, त काशीनाथ. ज्या लठ्ठ्याच्या एका टोकाले आमचे हे होते, त्याच्याच दुसऱ्या टोकाले काशीनाथ होता. आमच्याच गल्लीतला, घरी जेवून गेलेला माणूस. मी त्याच्याकडे गेली, म्हटलं, काशीनाथभाऊ, खरं काय ते सांगा. त म्हणे, वहिनी, मी पाठमोरा होतो, मले काई दिसलं नाई, साऱ्याइनं कागदावर सही केली त मी बी केली. माह्याकडे पाह्यलं नाई बोलताना, पाण्याच्या पितळी गुंडाकडे पाहून बोलला. म्हटलं ठीक आहे. मुकादम जमानतीवर सुटला, चौकातल्या चहाच्या टपरीवर बसाले लागला, अन् आम्ही त्याच रस्त्यानं येत जात होतो.

सासूनं त खाट धरली. नामदेव वीस-एकवीसचा होता, सायकलच्या दुकानात कामाले. भावानंच त्याले वाढवलं होतं. तो ना रडला ना काई बोलला, जेवण समोर ठेवलं का जेवे, नाई ठेवलं त मागत नसे.

अन् तवा तो पिक्चर लागला. कराटेचा म्हणत सारे, कोणी कुंगफूचा म्हणे. काय पिसाळले होते लोकं त्याच्यामागं, बाप्पा! तिकीट भेटत नसे, पोट्टे भिंतीवरून चढून खिडकीपाशी जात. शो सुटला का रस्त्यानं जो तो उड्या मारून राह्यला, हू हा करून राह्यला, सायकल स्टँडच्या दांडीवरून उडी मारताना एकाचा हात मोडला. आमच्या गल्लीतला न्हावी, चांगला पन्नाशीचा माणूस, तोही गिऱ्हाइकाच्या मानेवर हात ठेवून म्हणे, इथं मारलं का खलास. भाषा कोणाले समजत नव्हती. काई कामच नव्हतं भाषेचं.

नामदेव पहिल्या दिवशी गेला, दुसऱ्या दिवशी गेला, मंग रोजच जाऊ लागला. मले बरं वाटलं पहिले, म्हटलं पोट्टा घराबाहेर त निघाला. मंग त्यानं सागाचे दोन दांडे आणले, मधात सायकलची चेन लावली, अन् मागच्या आंगणात फिरवाले लागला. एक डाव स्वतःच्याच कपाळाले लागलं, हे एवढं टेंगूळ आलं. मी हळद लावत लावत म्हटलं, काहून रे नामदेव, काय करून राह्यला तू? त म्हणे, व्यायाम. म्हटलं, काय आहे रे त्या पिक्चरात? तवा बोलला. म्हणे, वहिनी, त्यात एक नावाडी आहे, त्याच्या मोठ्या भावाले घाटावरचे गुंडे मारतात. मंग तो शिकतो अन् एकेकाले शोधून मारतो.

माह्या हातातली हळद तशीच राह्यली. म्हटलं, आतं समजलं.

शेजारच्या सरूबाईले घेतलं अन् तीनच्या शोले गेली मी. विधवा बाई पिक्चरले, लोकं काय म्हणतील, असं सरूबाईच म्हणे. म्हटलं, म्हणू दे. मले पाहाचं होतं का हा पोट्टा रोज काय पिऊन येऊन राह्यला. बायकाइच्या बाजूले आम्हीच दोघी-चौघी, बाकी सारं थेटर माणसाइनं खचाखच. पिक्चर सुरू झाला. कपडे वेगळे, चेहरे वेगळे, पण घाट आपल्या घाटासारखाच, नाव आपल्या नावेसारखीच. मोठा भाऊ जेवून राह्यला, त्याची बायको भात वाढून राह्यली, अन् मंग बाहेरून आवाज आला अन् तो जेवणावरून उठून गेला. मी सरूबाईचा हात धरला. काई समजावून सांगाची गरज नव्हती मले.

मंग मारामारी. एकेक बुक्का असा वाजे जसा लठ्ठा जमिनीवर टाकला. लोकं शिट्ट्या मारून राह्यले, खुर्च्या आपटून राह्यले. अन् खालून, थर्ड क्लासातून, एक आवाज साऱ्याइच्या वर, मार त्याले, सोडू नको, तुह्या भावाले मारलं त्यानं, साऱ्याइच्या समोर मारलं, सोडू नको! मी म्हटलं, हा आवाज माह्या ओळखीचा आहे. उजेड पडला पडद्यावर तवा दिसलं, खुर्चीवर उभा राहून, मूठ उगारून काशीनाथ ओरडून राह्यला होता.

काय झालं मले ते आजही सांगता येत नाई. इंटरव्हलचे दिवे लागले, मी उठली, सरूबाई पदर ओढून राह्यली, पण मी खाली गेली, सरळ त्याच्या खुर्चीपाशी. म्हटलं, काशीनाथभाऊ, इथं त भल्ला मोठा आवाज आहे तुमचा. तो पांढराफटक झाला. म्हणे, वहिनी, तुम्ही इथं कशा? म्हटलं, लठ्ठ्याच्या दुसऱ्या टोकाले तुम्ही होते. इथल्या माणसाले मारलं ते तुमाले दिसलं, अन् तिथं नाई दिसलं? तो म्हणे, वहिनी, हा पिक्चर आहे. म्हटलं, हो ना, पिक्चर आहे, पडद्यावरच्याले तुमचं ऐकू जात नाई, त्याले तुमची भाषा समजत नाई. ज्याले ऐकू जाते तो जज कोर्टात बसला आहे, तिथं येऊन ओरडा.

पहिले कोणीतरी हासलं. कोणी म्हणे, अबे, ह्या बाईले बसवा ना. मंग डेपोतला दुसरा एक माणूस होता तिथं, तो हळूच म्हणाला, लक्ष्मणची बायको आहे ते. मंग कोणी हासलं नाई. अन् भिंतीजवळून नामदेव उठून आला, त्याले माहीतच नव्हतं मी आली म्हणून. मले म्हणे, वहिनी, चाला घरी. म्हटलं, नाई, मी तिकीट काढलं आहे, पूर्ण पाहीन.

पाह्यला पूर्ण. साऱ्याइले मारलं त्यानं, शेवटच्याले नावेत गाठून मारलं. काशीनाथची खुर्ची चूप होती. लोकं टाळ्या वाजवत बाहेर निघाले. वापस येताना मी नामदेवले विचारलं, अरे, ते भात वाढणारी बाई, तिचं काय झालं पुढं? म्हणे, कोणती बाई? म्हटलं, भावाची बायको. तो थांबला रस्त्यात. एवढे डाव पिक्चर पाह्यला, पण ते बाई त्याच्या ध्यानातच नव्हती. म्हटलं, तो मारून मोकळा झाला, त्याले बी कोणी ना कोणी धरून नेईन, मंग तिच्या घरात कोण राह्यलं? तू फाशी जाशील त तुह्या मायले कोण पाणी देईन, मी का एकटी? दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला पिक्चरले. आला अन् म्हणे, आहे वहिनी, ते बाई दोनदा आहे. दुसऱ्यांदा दारात बसली आहे, मंग नाई दिसत. दांडे त्यानं फेकले नाई, पण फिरवणं कमी झालं.

अन् मंग एका सकाळी काशीनाथ आला. आत नाई आला, चौकटीले धरून उभा राह्यला. म्हणे, वहिनी, पुढची तारीख कवाची आहे?

कोर्टात उभा राह्यला तेव्हा तोंडातून आवाज निघत नव्हता त्याचा. जज साहेब म्हणाले, मोठ्यानं बोला. मुकादम समोरच उभा होता. काशीनाथनं डोळे मिटले अन् सारं सांगतलं, पाय कोणाचा दबला, आमचे हे काय बोलले, सब्बल कोणाच्या हातात होती. मुकादमाच्या वकिलानं लय घुमवलं त्याले, का मंग पहिले खोटं काहून लिहून देलं. म्हणे, साहेब, पोटाले भ्यालो होतो. त्याच्यामागून आणखी एक हमाल बोलला. मुकादमाले सजा झाली, काई वर्षांची, फाशी-बिशी नाई. अन् काशीनाथले डेपोतून काढलं, हे बी सांगते, चांगलंच झालं सारं असं नाई. रिक्षा ओढला त्यानं मंग.

सजेच्या दिवशी नामदेव माह्यासंग होता. मुकादमाले गाडीत बसवून राह्यले होते अन् तो शिपायाले पाणी मागून राह्यला होता. नामदेव पाहत होता. घरी येऊन म्हणे, वहिनी, पिक्चरात तो पडला का छातीतून दगड निघाल्यासारखं वाटे, आज तसं नाई वाटलं. म्हटलं, मलेही नाई वाटलं. पण तू घरी आहेस. तवा रडला तो, पहिल्यांदा, मायच्या खाटेपाशी बसून.

आतं त्याची मायही गेली. नामदेवचं लग्न झालं, स्वतःचं सायकलचं दुकान आहे, अन् तो पिक्चर आताशा भाड्याच्या व्हिडिओवर येते त गल्लीतल्या पोट्ट्याइच्या संग बसून पाहते, हासते, पहिलेच सांगून देते का आता हा मरते. मी नाई जात. मुकादम सजा भोगून आला, बाजारात दिसते, म्हातारा दिसाले लागला. मी रस्ता बदलत नाई, तोच बदलते. राग आहे का म्हणाल त आहे, पण आतं तो मीठ-मिरचीसारखा घरातच एका कोपऱ्यात राहते, रोज लागत नाई. पोरगी शाळेत चांगली आहे, बोलते माह्यासारखी, अन् मी तिले अडवत नाई. तुमी एवढं बसून ऐकलं, ताई, देव तुमाले सुखी ठेवो, अन् तुमच्या घरचं माणूस कामावर गेलं का संध्याकाळी धड घरी येवो.