आख्खी गल्ली एका ठिकानी

मी घोडेगावची. म्हंजे माहेर माझं घोडेगावचं, तिथं जनावरांचा मोठा बाजार भरतो, तुमाला ठावं आसंल. वडील त्या बाजारात बैलजोड्यांची दलाली करायचे. शेती बी हुती, पन कोरडवाहू. आमी पाच भैनी, भाऊ न्हाई. पन वडलांनी कधी तोंड वाकडं केलं न्हाई, उलट बाजारातून येताना भज्यांचा पुडा आनायचे आन शेजाऱ्याला ऐकू जाईल आसं म्हनायचे, माज्या पाच वाघिनी कुठं गेल्या. आता वाघीन कसली, काय सांगू तुमाला, मास्तरनं नाव पुकारलं तरी मला रडू यायचं.  आशी मी, आन पुढं मलाच उभं ऱ्हाऊन बोलायचं आलं.

सातवी झाली आन लगीन लावून इकडं प्रवरेकाठी दिली. मालक दुधाच्या टेम्पोवर डायव्हर. घर नदीकडं उतरत जानाऱ्या गल्लीत, एका बाजूला भित, एका बाजूला भित, मधून दोन मानसं आली तर एकानं आंग चोरायचं. पन मानसं लई ग्वाड, ताई. सगळ्यात वर आमी, मंग लोहाराचं घर, कोळ्यांची दोन घरं, आन पार खाली पान्याजवळ मन्यारीन चाची. ती बांगड्या भरायची. मी नवी नवरी, माहेराची आठवन येऊन रडत बसलेले, सासूनं तिला बोलीवलं. तिनं माजा हात धरला न म्हनली, बेटी, हात ढिला सोड, जितका आवळशील तितकं दुखंल. आन मला बोलन्यात गुतवून डझनभर बांगड्या कवा चढवल्या कळलं बी न्हाई. तवापासून ती माजी आईच म्हना की. तिला लेकरू न्हाई, नवरा लवकर गेला. एक शेळी पाळायची, तिच्याशीच बोलायची.

मग मालकांनी घरापुढं पिठाची गिरन टाकून दिली. गिरनीवर बसलं की आख्खी गल्ली कळती. कुनाचा डबा लहान झाला, कुनाकडं पावनं आलंत, कुनाची सून रुसली, पीठ सांगतंय सगळं. लहानथोर समदे मला मामीच म्हनायचे. बाया दळन होईस्तोवर बसायच्या, रस्त्यावर नळाचं पानी साचतंय, पोरी संडासला अंधारात जात्यात, दिवा न्हाई, आसं सगळं माज्यापुढं बोलायच्या, आन मी आपली हं हं करायचे. मी काय करनार.

तर झालं काय, वॉर्ड बायांसाठी राखीव निघाला. पुढारी आले ते मालकांकडं. मालक चार मानसांत उठबस करनारे, गनपतीत, लग्नकार्यात पुढं आसनारे. ते म्हनले, वहिनीला उभं करा, काम तुमीच करायचं, वहिनीनं नुसतं सही करायची. मी चहा घेऊन आले हुते, कपबश्या तशाच खाली ठेवल्या. मालक हासले. मी त्यांना आत बोलवून म्हनलं, मला न्हाई जमायचं बाई. मालक म्हनले, आगं, गिरनीवर रोज वॉर्डाची मिटिंगच तर भरवतीस तू. आन निवडून आले की हो. कशी आले मला अजून उमगत न्हाई. कोन म्हनतंय पक्षामुळं, कोन म्हनतंय गिरनीमुळं.

आन पयलीच भानगड आमच्याच गल्लीची निघाली. नगरपालिकेनं ठरीवलं की नदीकाठची घरं पूररेषेत येत्यात, ती हालवायची, आन मानसांना बायपासपल्याड नव्या बिल्डिंगी बांधल्यात तिथं घरं द्यायची. आमचं घर वर, ते तेवढं रेषेच्या भाईर ऱ्हायलं. आता खोटं कशाला बोलू, मला ते पटलं हुतं. पानी दर चार-दोन वरसांनी खालच्या घरात शिरायचं, त्यांची लेकरं डोक्यावर घेऊन पळायचो आमी. पन मानसाला पटनं येगळं आन मानसानं घर सोडनं येगळं. मी चाचीकडं गेले समजवायला. ती शेळीला पाला घालत हुती. माज्याकडं बघितलं न्हाई. म्हनली, तुला मी बांगड्या भरल्या, आन तू आता माजं घर पाडाया आलीस? बडी हो गयी तू. मी म्हनलं, चाची, तुजा जीव ऱ्हावा म्हनून म्हनते. ती म्हनली, माजा जीव ह्याच भितीत हाय, घेऊन जा भित.  घरी आले न चुलीपुढं बसून रडले.

गल्लीतल्या बाया गिरनीवर यायच्या बंद झाल्या. खरंच सांगते, पार दुसऱ्या आळीला दळन घेऊन जायच्या, माज्या दारावरून. ते लई लागलं मला. चार रोज गेले न मी लोहारनीलाच आडवलं. म्हनलं, शिव्या दे, पन बोल. तवा ती भडाभडा बोलली. मामी, तुमी ती जागा बघितली का? बायपास वलांडायचा, पुढं नुसतं शेत, रस्ता न्हाई, खांब हायेत तर दिवे न्हाईत, माजी लेक दूध प्लांटवर पॅकिंगला जाती, सांच्याला कशी यील ती? नदी एकदा मारील मामी, तो रस्ता रोज मारील. ते बोलनं माज्या काळजात बसलं. मालकांना म्हनलं, टेम्पो काढा. जाऊन बघितलं. खरं हुतं तिचं, शब्दन् शब्द.

मग सभा आली. त्या आधी सभेत मी कधी तोंड उघडलं नव्हतं. विषय निघाला, नदीकाठच्या लोकांना लवकरात लवकर हालवावं. मी उठले. हातातला पदर पिळून पिळून त्याची दोरी झाली. तर एक जुने सदस्य म्हनले, वहिनी, तुम्ही बसा, तुमच्या साहेबांना बोलू द्या, ते आलेत ना मागं. समदे मागं वळले. मालक मागच्या खुर्चीवर बसलेले, ते उभे ऱ्हायले. मला वाटलं आता हे बोलत्याल न मी सुटंन. तर ते म्हनले, लोकांनी तिला निवडून दिलंय, तीच बोलंल, आन दार उघडून भाईर गेले. व्हरांड्यात जाऊन बसले. काय सांगू ताई, चाळीस वरसांचा संसार आमचा, त्यांनी मला साडी आनली आसंल, सोन्याचा डाग बी केला आसंल, पन त्या दिवशी दिलं तसं कधी कायी दिलं न्हाई.

मग बोलले मी. जसं बोलता येतं तसं. म्हनलं, मानसं हालवा, मी इरोध करत न्हाई, पन आधी रस्ता करा, दिवे लावा, मंग घरं द्या. तुमी मानसाला नुसतं छप्पर देताय, लेकीबाळींनी त्या छपराखाली यायचं कसं? कोन हासलं, कोन म्हनलं बजेट बघावं लागंल. पन मुख्याधिकारी बाई, तरनीताठी पोरगीच हुती, लातूरकडची, ती लिहून घेत हुती. सभा सुटल्यावर मी तिच्यापाशी गेले आन म्हनलं, मॅडम, तुमी माज्याबरोबर एकदा सांच्याला चला, गाडी न्हाई, पायी. ती म्हनली, उद्याच येते.

आन आली की. प्लांटवरनं सुटलेल्या पोरी, मी आन मॅडम, समद्या बायपासवरनं निघालो. ट्रक आसे जायचे की पदर उडायचा. वलांडायला किती येळ थांबलो. पुढं कच्चा रस्ता, आदल्या दिवशीचा पाऊस, चिखल. दिस मावळला न कायच दिसंना. एका वळनावर मोटरसायकलीवर दोघं बसलेले, ते पोरींकडं बघून कायतरी बोलले, हासले. मॅडमनं तवा माजा हात धरला. घट्ट. मी म्हनलं, मॅडम, भ्या वाटतंय का? ती म्हनली, हो. आन मंग हळूच म्हनली, मामी, हात सोडू नका. तिची चप्पल चिखलात रुतून तुटली, ती तशीच आनवानी चालली शेवटपतुर. मला माज्या पोरीसारखी वाटली ती.

रस्त्याचं काम सुरू झालं मग. मोठ्या रस्त्याच्या हापिसाला मॅडमनंच भांडून बायपासवर गतिरोधक टाकायला लावले. पन सरकारी काम, तुमाला सांगायला नको. खडी पडली न पावसाळा लागला. आन त्याच पावसाळ्यात वर धरन भरलं आन पानी सोडलं.

सकाळची येळ. भोंगा लावून रिक्षा फिरली, नदीकाठच्यांनी घरं सोडा. मी गिरन बंद करून पळाले. एक एक दार वाजवत खाली चालले, आन मनात एकच, की मीच म्हनलं हुतं ना आधी रस्ता मंग घर. मीच थांबीवलं ह्यांना. आता कुनाला काय झालं तर? देवा, कुनालाच काय हुऊ देऊ नको, कोन्चा देव आठवायचा ऱ्हायला न्हाई. लोहार, कोळी, समदे निघाले. चाची निघंना. पानी तिच्या उंबऱ्याला लागलेलं न ती खाटंवर बसून. म्हनली, शेळी येत न्हाई, तिला पान्याचं भ्या वाटतं, तिला सोडून मी येत न्हाई. तवर मालक टेम्पो वर लावून आले हुते. त्यांनी बघितलं न शेळी उचलून खांद्यावर घेतली. ती शेळी आशी बोंबलली, आन मालकांचा सदरा पार खराब केला, पन त्यांनी सोडली न्हाई. मग चाची उठली. मी तिला पाठुंगळी घेतलं. लई हलकी झालती ती, ताई. पानी गुडघ्याला, आन ती माज्या कानाशी म्हनती, सावकास बेटी, सावकास. जनू तीच मला घेऊन चाललीय.

शाळेत ठेवलं समद्यांना. पिठलं-भाकरी केली बायांनी, कुनाच्या दळनाचं पीठ कुनाला गेलं हिशोब न्हाई. पानी वसरल्यावर चाचीला घेऊन गेले घर बघायला. नदीकडची भित पडली हुती.  मला वाटलं आता हिला घेरी यील. पन ती म्हनली, चल, आता मला धरून ठेवायला कायी न्हाई इथं.

पन गोष्ट तिथं सपत न्हाई. घरं वाटायची वेळ आली तर म्हनले चिठ्ठ्या टाकनार. म्हंजे लोहार एका बिल्डिंगीत, कोळी दुसऱ्या, चाची तिसऱ्या मजल्यावर एकटी. मी पुन्यांदा उठले सभेत. त्या वक्ताला मागं वळून मालकांना शोधलं न्हाई. म्हनलं, आजारी पडल्यावर भिंतीपल्याड कोन हाय ते म्हाईत पायजे मानसाला. तुमी घरं देताय ती चांगलं करताय, पन आमची गल्ली मोडू नका. चिठ्ठी गल्लीच्या नावानं टाका, मानसाच्या नावानं नको. लई वाद झाला. नियमात बसत न्हाई म्हनले. मॅडमनं वरती लिहिलं, लई फेऱ्या घातल्या आमी नगरला, आन शेवटी झालं. आख्खी गल्ली एकाच बिल्डिंगीत. म्हाताऱ्यांना, आपंगांना खालचा मजला. जायच्या आधी डांबर पडलं हुतं न दिवे लागले हुते. लोहारनीनं पयल्या दिवशी मला बोलावून पुरनपोळी खाऊ घातली. म्हनली, मामी, दळन तुमच्याकडंच आनीन, लांब पडलं तरी.

सगळंच बेस झालं आसं न्हाई. गटार अजून तुंबतंय तिथं. बस येती, कवा येत न्हाई. नकाशात लिफ्ट दावली आन बसवली न्हाई. शेळीला बिल्डिंगीत म्हनले परवानगी न्हाई, तर चाचीनं ती लोहाराच्या भैनीकडं खेड्यात दिली न चार रोज जेवली न्हाई. दोन वरसं तिथं काढली तिनं, आन मागल्या थंडीत गेली. मी जवळच हुते. लोहारीन, कोळनी, समद्या दारात. कुनाला बोलवाया जावं लागलं न्हाई.

माजी मुदत सपून बरेच दिस झाले. मधी निवडनुकाच न्हवत्या, साहेबच कारभार बघायचे. आता लागली तर वॉर्ड खुला झाला, तिकीट दुसऱ्याला गेलं, मोठा मानूस हाय. वाईट वाटलं, न्हाई म्हनत न्हाई. मालक म्हनले, अपक्ष उभी ऱ्हा. मी म्हनलं, नको, तुमचा बीपी बघा आधी. आता गिरनीवर सून बसती, मी आपली उन्हाला. तरी बाया येत्यात. सकाळीच एक आलती, नवी सून, पान्याचा दाब कमी येतो म्हनत. मी फोन केला, म्हनलं बघा बाबा जरा. मॅडमची बदली झाली लांब, तिचा बी फोन येतो सनावाराला, मामी कशा हायेत म्हनून.

भरून पावले बघा. आता जो कुनी निवडून यील त्याचं भलं व्हवो, त्याच्या लेकराबाळांचं भलं व्हवो. माजं त्याच्याशी काय वाकडं न्हाई. फकस्त एवढंच मागनं हाय देवापाशी, की लोकांनी त्याला साहेब म्हनू नये. मामा म्हनावं.