उलट्या रेघेचं म्हणणं

(रुग्णालयाच्या औषध विभागामागची खोली. एक स्क्रीन, दोन खुर्च्या. औषधांची लेबलं छापणारा प्रोग्राम लिहिणारे निवृत्त वडील. आता तो सांभाळणारी त्यांची मुलगी.)

मुलगी : ...म्हणून डेटाबेसचे इशारे मी परत चालू केले, बाबा. कालच्या एका दिवसात चार हजार आले.

वडील : अगं, डेटाबेसला कुरकुरायची सवयच आहे. मी ते बंद करून टाकले होते. पंधरा वर्षं लेबलं बिनबोभाट निघाली की नाही?

मुलगी : निघाली. पण इशारे सगळे एकाच गोष्टीचे. मजकुरात उलटी तिरकी रेघ आणि पुढे n दिसला, की जुना डेटाबेस नवी ओळ समजायचा. सोमवारी नवा येतोय, तो नाही समजत. त्याला ती नुसती दोन अक्षरं.

वडील : मग दोन अक्षरं जास्त छापली जातील. त्यात काय आभाळ कोसळतंय?

मुलगी : हे नव्यावरचं चाचणीचं लेबल. वाचा.

वडील : "उपाशीपोटी", मग रेघ, n... आणि?

मुलगी : आणि काही नाही. तुम्ही काय लिहिलं होतंत?

वडील : "उपाशीपोटी". खालच्या ओळीत "घेऊ नका".

मुलगी : ओळ मोडलीच नाही. कागद संपला, "घेऊ नका" कापलं गेलं.

वडील : अरे देवा! हे कुणाच्या हातात तर नाही ना पडलं?

मुलगी : नाही. पण नवा कुरकुरतही नाही, गुपचूप चुकतो. जुना निदान ओरडून सांगत होता.

वडील : आणि मी त्याचं तोंड दाबलं. सोमवार पुढे ढकल.

मुलगी : कशाला? इशारे चार हजार, पण प्रोग्राममधल्या जागा सदतीसच. प्रत्येक ठिकाणी मजकुराच्या सुरुवातीच्या अवतरणचिन्हाआधी E लावला, की नव्यालाही रेघेचा अर्थ कळतो. छत्तीस झाल्या, छापूनही पाहिल्या.

वडील : सदतीस कालच्या दिवसातल्या ना?

मुलगी : हो.

वडील : मग लसीची आठवण देणारी पत्रं राहिली. ती एक तारखेलाच निघतात, काल इशारा कुठून येणार? तिथेही मी अशीच रेघ मारलीय.

मुलगी : ...हे माझ्या ध्यानातच आलं नसतं.

वडील : सरक जरा. तुझी उरलेली एक जागा आणि ही पत्रांची, दोन्हीकडे E मी लावतो.

मुलगी : लावा. पण तपासणार मी.

वडील : तपास बाई. माझं कुणी तपासलंच नाही कधी.