दोन ब्रेकची गाडी

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावर बसलेले आमचे ट्रान्सपोर्टचे शेठ, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे ड्रायव्हिंगचे मास्तर, त्यांच्या शेजारी बसलेल्या काकू आणि समोरच्या सर्व चालक बंधुभगिनींनो,

मी भाषण लिहून आणलं आहे. शिक्षण आठवीपर्यंत. स्टिअरिंगवर माझा हात बसलाय, माईकवर अजून नाही.

मास्तरांनी किती जणांना मोठ्या गाडीचं लायसन्स मिळवून दिलं? बाहेर आवारात लागलेल्या गाड्या बघा, म्हणजे कळेल. मी माझ्यापुरतं सांगतो.

मी गोदामात पोती उचलायचो. शेठ म्हणाले होते, "लायसन्स आण, नवी गाडी तुझी. पण पुढच्या महिन्यापर्यंतच थांबेन." शिकाऊ ट्रकला दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा मास्तरांच्या. सरावात माझी गाडी पांढऱ्या रेषेवर अलगद थांबायची. मला वाटलं, जमलं आपल्याला. परीक्षेला गाडी वेगळी आणि शेजारी साहेब. मी नेहमीसारखाच हलका ब्रेक दाबला. गाडी रेषा ओलांडून थेट पुढे खूण म्हणून ठेवलेल्या पिंपावर.

साहेब म्हणाले, "उतरा."

घरी येऊन आईला म्हणालो, हे आपलं काम नव्हे.

"मग ते मास्तरांना जाऊन सांग," आई म्हणाली. "माझ्यापाशी कशाला रडतोस?"

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग स्वतःच्या उजव्या पायाकडे बघत म्हणाले, "अरे, गाडी तू थांबवत नव्हतास. आपण दोघं मिळून थांबवत होतो. या पायाला खोड लागलीय. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी मैदानात मास्तर चपला काढून सीटवर चक्क मांडी घालून बसले.

"मास्तर, पाय खाली घ्या ना."

"का? मी जेवायला बसलोय असं समज."

"आणि गाडी नाही थांबली तर?"

"तर पिंपाला नवीन पोचा. चल, गिअर टाक."

दुसऱ्याच्या हाती एवढी गाडी सोपवून असं बसायला काय लागत असेल? मी गिअर टाकला. तेवढ्यात डोळ्याच्या कोपऱ्यातून ओझरतं दिसलं, मास्तरांनी दोन्ही गुडघे हातांनी घट्ट दाबून धरले होते. पाय खाली जाऊ नये म्हणून. त्यांना हे मी कधी बोललो नाही, आज बोलतो.

गाडी थांबली. रेषेच्या अलीकडे.

पुढच्या परीक्षेत पास झालो. शेठनीही शब्द पाळला.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, काकूंनी इतकी वर्षं मास्तर आम्हाला उसने दिले, दोघांचेही आभार. बोलण्यात कुठे झटका बसला असेल तर नवशिक्या म्हणून सांभाळून घ्या.

आता एकच विनंती. मास्तर, तुमचं सामान गाडीत चढवलं आहे. तुम्हाला आणि काकूंना गावी मीच सोडणार आहे. तुमच्या बाजूला ब्रेक नाही. आज गुडघे न धरता मांडी घालून बसा.