निळूची फळी

जोतीराम : आरं निळू, ऊठ की लेका! तिकडं हौसा गुऱ्हाळघराच्या पत्र्यावर चढून बसलीया आणि तू हितं पाण्याकडं बघत बसलाईस!

निळू : बघायला पायजे, जोत्या. माझ्या देशात समुद्रात जायच्या आधी सगळे असंच बसतात. पाणी कुठं फुटतो, कुठं ओढतो, ते कळतो.

जोतीराम : ह्यो तुझा समुद्र न्हवं. पंचगंगा हाय! आणि माझी बायकू सात महिन्यांची गरवार हाय.

बयाबाई : त्याच्यावर वरडू नगंस, जोत्या. मीच धाडली तिला, म्हशी सोडायला. सकाळी पाणी घोट्याएवढं हुतं. दुपारपतोर मळा गिळंल, मला काय ठावं?

जोतीराम : काहील कुठाय? गुळाची काहील घालू पाण्यात. दरसाल पुरात तीच आपली नाव.

बयाबाई : शेजारचा केरबा घिऊन गेलाय खालच्या आळीला, माणसं काढाय. अजून फिरला न्हाय.

जोतीराम : मग मी पवत जातो.

बयाबाई : खबरदार!

जोतीराम : आई, सोड. हात सोड म्हणतो न्हवं!

बयाबाई : न्हाय सोडत. एकीला पत्र्यावर घालवून बसलोय, आता तुला पाण्यात घालू? मला तूच एक हाईस.

जोतीराम : आणि ती? पत्रा हालतोय बघ. भिताड मातीचं हाय, किती दम धरंल?

निळू : मी जातो. फळी घेऊन.

जोतीराम : त्या फळीवर? आई तिच्यावर सांडगं वाळत घालती, निळू!

निळू : उन्हाळ्यात सांडगं. त्याच्या आधी दहा वर्षं मी तिच्यावर पालथा पडून समुद्रात गेलतो, लाटांवर खेळायला. माझ्या देशात, मग गोव्यात.

जोतीराम : मग मघापासनं बसून का ऱ्हायलाईस?

निळू : भ्या वाटतो म्हणून.

जोतीराम : तुला? पाण्याचं?

निळू : समुद्राचा लाट माणसाला काठावर परत आणून टाकतो. नदी परत आणत न्हाय, जोत्या. नुसता घेऊन जातो.

बयाबाई : निळू, बाबा...

निळू : काय, आई?

बयाबाई : काय न्हाय. सावकाश.

निळू : आधी मला काय तरी दे. नदीला वाहायला. आधी तिला द्यायचं, मग पाऊल टाकायचं. तूच शिकवलास.

जोतीराम : ह्या वक्ताला? तिकडं पत्रा पडाय आलाय!

निळू : ह्याच वक्ताला. दोन दिवस कुस्त्या बघायला आलतो तुमच्या कोल्हापुरात. कावीळ झाला, आईनं पेज पाजून उठवला, दोन पावसाळे झाले. दर पावसाळ्याला हिच्या हातानं नदीला दिलेला बघितला मी. आज मला जायाचं हाय, आज न देता कसा जाऊ?

बयाबाई : माझ्यापाशी कुंकू कुठलं, रांडमुंड बाई मी. ही वट्यात अर्धी भाकरी हाय. सोड. तिलाबी भूक असतीया.

निळू : सोडला. जातो.

जोतीराम : थांब! हितनं उतरू नगंस. वर मारुतीच्या देवळापासनं उतर. धार आपसूक तुला मळ्याकडं ढकलंल. आणि निळू...

निळू : काय?

जोतीराम : म्हशीच्या नादाला लागू नगंस. हौसाला तेवढं आण.

बयाबाई : गेला?

जोतीराम : पळाला देवळाकडं. फळी डोस्क्यावर हाय.

बयाबाई : मला लांबचं दिसत न्हाय, जोत्या. तू सांगत ऱ्हा. गप बसू नगंस.

जोतीराम : उतरला. पालथा पडलाय फळीवर. दोन्ही हातांनी पाणी मारतोय... चाललाय, आई! कशी सुसरीगत चाललीया फळी!

बयाबाई : हौसा कुठाय?

जोतीराम : पत्र्यावर. हात हलवतीया. एक कड खचली... आई, बाभूळ! मुळासकट बाभूळ आलीया वरनं! निळू! उजवीकडं! आरं उजवीकडं बघ!

बयाबाई : काय झालं? बोल की!

जोतीराम : फळी दिसतीया.

बयाबाई : आणि त्यो?

जोतीराम : न्हाय दिसत.

बयाबाई : नीट बघ.

जोतीराम : बघतोय की! नुसती फळी हाय, आई... नुसती... आला! वर आला! पायाला दोरी बांधलीया वाटतं, तिनंच फळी वढून घेतली. चढला. रगत हाय कपाळाला. पर चढला!

बयाबाई : अगं अंबाबाई.

जोतीराम : पत्र्यापाशी गेला. हौसा बसलीया कडंला. पाय सोडलं. घेतली! पुढं निजवली तिला, ह्यो मागं... न्हाय न्हाय, तीच मागं बसली. निघाली, आई.

बयाबाई : हिकडं येत्यात न्हवं?

जोतीराम : काठाकडं न्हाईत येत. धार खाली न्यायला लागलीया.

बयाबाई : किती खाली?

जोतीराम : उसाच्या पल्याड गेली. आता मला कायबी दिसत न्हाय.

बयाबाई : मग हितं का उभा हाईस? पळ! बांधानं पळ! सोडला तुला, जा!

(दुसऱ्या दिवशी सकाळी. उंचावरच्या शाळेचा व्हरांडा.)

बयाबाई : उठलास? कपाळ दुखतंय?

निळू : थोडा. वहिनी?

बयाबाई : आत निजलीया. जोत्या पाय दाबतोय तिचं, कधी न्हाय ते. सुईण बघून गेली. पोर लाथा मारतंय म्हणली.

निळू : माझ्यापेक्षा तिचा काम मोठा, आई. मधी गेल्यावर काठ कुठला तेच मला समजत नव्हता. सगळीकडं तांबडा पाणी. वहिनी मागनं वरडत होता. आडवा जाऊ नगंस, तिरका मार, ती चिंच धर. बैलासारखा हाकलला मला. चिंच सापडला, मग केरबाची काहील आला.

बयाबाई : व्हय, केरबानं सांगितलं. दोघांची बोटं फांदीवरनं सोडवाय लागली म्हणला. घे, च्या घे.

निळू : तू का रडतोस?

बयाबाई : निळू, जोत्याला मी धरून ठेवला. तुला न्हाय धरला.

निळू : माहीत हाय.

बयाबाई : बघितलंस तू?

निळू : तिथंच होतो की, आई.

बयाबाई : तोंडात आलतं, जाऊ नगंस म्हणून. गिळलं मी. मनात म्हणलं, ह्यो परक्याचा हाय. रातभर त्येच खातंय मला. ज्या हातानं तुला पेज पाजली... बोल काय तरी. शिवी दे.

निळू : माझी आई त्या काठावर असती ना, तर तिनं मला धरला असता. आणि जोत्याला पाठवला असता.

बयाबाई : खरं?

निळू : लगेच पाठवला असता.

बयाबाई : ...लई लांब असतीया न्हवं ती?

निळू : लई.

बयाबाई : आज कागद लिव्ह तिला. म्हणावं, हितं पाऊस बरा हाय आणि मी पाण्याच्या जवळबी जात न्हाय.

निळू : खोटं लिहू?

बयाबाई : आईला लिवताना चालतंय.